आकडा बरोबर आहे

शिकवण्याखेरीज प्राथमिक शिक्षकाला काय काय करावं लागतं याची यादी द्यायची म्हटली, तर या अंकात दुसऱ्या कुणाच्या लेखाला जागा उरणार नाही. मतदान घ्या, ढोरं मोजा, विहिरी मोजा, कुटुंबनियोजनाच्या शिबिराला माणसं गोळा करा, मंत्री आले की रस्त्याच्या कडेला पोरं उभी करा. बदली टळावी म्हणून आम्ही हे सगळं करायचो आणि करताना मनातल्या मनात शिव्या द्यायचो. यातलं एकच काम मी मन लावून केलं. ते म्हणजे माणसं मोजण्याचं. आज पंच्याहत्तरीला टेकलो असताना ज्या कामाची मला लाज वाटते, तेही तेच.

जनगणना करणाऱ्या माणसाला सरकारी कागदावर प्रगणक म्हणतात. गावात कुणी तसं म्हणत नसे. 'डोकी मोजायचे गुरुजी आले' म्हणत. आधी हातात गेरूचा डबा घेऊन दारादारावर नंबर टाकायचे, गावाचा हातानं नकाशा काढायचा, आणि मग फेब्रुवारीत तीन आठवडे घरोघर फिरून माणसं लिहायची. आमच्या लेखी घर म्हणजे भिंती आणि छप्पर नव्हे; घर म्हणजे चूल. एका छपराखाली दोन चुली असल्या तर कुटुंबं दोन. एका घरी मी सकाळी एक चूल लिहून गेलो, तर दुपारी धाकटी जाऊ शाळेत येऊन उभी राहिली. आमची आता वेगळी लिवा म्हणाली. मधल्या तीन तासांत काय झालं ते मी विचारलं नाही. तसा रकाना नव्हता.

वय कुणालाच ठाऊक नसे. रझाकाराच्या धामधुमीत मी रांगत होतो, असं एक जण सांगे. दुसरा म्हणे, माझं काय, ह्याच्याहून एक जोंधळ्याची सुगी कमी धरा. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. एका म्हातारीनं नाव विचारल्यावर मारुतीच्या देवळाकडे बोट केलं. मी 'मारुती' लिहून मोकळा झालो. संध्याकाळी महादू नावाचा म्हातारा भांडायला आला. बोट देवळाकडे नव्हतं, देवळाच्या पायरीवर बसलेल्या त्याच्याकडे होतं.

पण खरी मेख होती ती 'लेकरं' या शब्दात. लेकरं किती, असं विचारलं की बाई सांगे, दोन. ओट्यावर तर पाच जणं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली दिसत. मग ही तिघं कोण? ह्या पोरी हायत की. म्हणजे लेकरं म्हणजे मुलगे. पोरी ह्या पोरी. नवा प्रगणक इथं हटकून फसायचा आणि अख्ख्या गावातल्या निम्म्या पोरी कागदाबाहेर राहायच्या. मी तीनदा विचारायचो. पोरगे किती, पोरी किती, आणि अंगावर पिणारं कुणी आहे का. माझ्या गटात मुली इतक्या भरल्या, की पर्यवेक्षकांना संशय आला आणि फेरतपासणी झाली. माझंच बरोबर निघालं. माझ्या कागदातून पोरगी सुटत नाही, असं मी तेव्हा छाती फुगवून सांगत असे. ज्यांना सांगितलं त्यातले बरेच आता हयात नाहीत, हे एक बरं आहे.

आमचं गाव उदगीर तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. नाव सांगत नाही. गावाला लागून ओढा आणि ओढ्यापलीकडे बेचाळीस दारांची वाडी. मी बहात्तरच्या दुष्काळात नोकरीला लागलो, तेव्हा ही वाडी बारा महिने भरलेली असे. त्या दुष्काळात माणसं आधी खडी फोडायला गेली, नंतर मुकादम आला आणि त्यानं त्यांना ऊसतोडीला नेलं, पार तिकडे पश्चिमेला. दुष्काळ सरला, पण माणसांची वाट मोडली नाही. दरसाल दिवाळी झाली की गाड्या जुंपायच्या आणि गुढीपाडव्यानंतर परत यायचं. मुकादमाचीही एक मोजणी होती. त्याच्या मोजणीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. लेकरं त्याच्या मोजणीतच नव्हती.

वाडीत कुणाच्याही दारात उभं राहून घरातले कुठं गेले असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं. जगायला गेले. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. पोटासाठी गाव सोडून जाण्याला आमच्याकडे हाच शब्द आहे. गावात राहणं म्हणजे जगणं नव्हे, हे आमच्या बोलीनंच कबूल करून टाकलेलं आहे.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच्या आदल्या वर्षी जनगणना आली. फेब्रुवारीत मी ओढा ओलांडून वाडीत गेलो. ओढा अर्थात कोरडा होता. ह्या ओढ्याची तऱ्हाच अशी, की त्याला पाणी असे तेव्हा वाडी भरलेली आणि तो कोरडा पडे तेव्हा वाडी रिकामी. त्यामुळे वाडीतली पोरं शाळेत यायची कधी, हा प्रश्नच होता. पावसाळ्यात पाण्यातून येता येत नसे आणि हिवाळ्यात ती उसाच्या फडात असत.

त्या दिवशी माझ्याबरोबर मन्मथअप्पा होते. लिंगायत दुकानदार, गावात पिढीजात दुकान आणि वाडीच्या तोंडाशी एक टपरी. वाडीतलं एकूण एक माणूस त्यांना नावानं ठाऊक. बेचाळीसपैकी एकोणतीस दारांना कुलपं. उरलेल्या तेरा घरांत म्हातारी माणसं, एक लंगडा गडी, एक ओली बाळंतीण. अप्पा प्रत्येक कुलपापुढं थांबून नावं सांगू लागले. दत्तूचा भाऊ, त्याची बायको, चार लेकरं. पुढचं दार, सहा माणसं. मी लेखणी उघडली नाही.

नियम साधा होता. मोजणीच्या तीन आठवड्यांत जो माणूस एकदाही घरी नसेल, त्याला तिथं लिहायचं नाही. तो जिथं असेल तिथं लिहिला जाईल. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून हा नियम. सूचनांची पुस्तिका माझ्या पिशवीत होती आणि तिची पानं माझ्याइतकी कुणी चाळली नसतील.

तेराव्या घरात ऊसतोडीला गेलेल्या दत्तूची आई होती, डोळ्यांनी अधू. मी नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. पोरगे किती, पोरी किती. तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. सुमन हाय की, म्हणाली, माजी नात, सहा वर्साची. इतक्या वर्षांत न विचारता, मुलाच्या आधी मुलीचं नाव सांगणारी तीच एक बाई मला भेटली. सुमन कुठं आहे, मी विचारलं. आईबापाबरोबर जगायला गेलीय, म्हणाली. मी त्या घरात एक माणूस लिहिलं.

बाहेर आल्यावर अप्पांनी माझा हात धरला.

"लिवून टाका, गुरुजी. माणसं हायत. जगायला गेलेत, मरायला न्हाई गेले."

मी त्यांना नियम वाचून दाखवला. अगदी पानाचा क्रमांक सांगून.

"हे पुस्तक ज्यानं लिवलं," अप्पा म्हणाले, "त्यानं आमची वाडी फेब्रुवारीत बगितली न्हाई."

दिवाळीच्या आधी जिथं सव्वादोनशे माणसं नांदत होती, तिथं मी एकतीस लिहिली आणि खाली सही केली. माझ्या गटाचे कागद तालुक्यात सगळ्यांच्या आधी पोचले. एका खाडाखोडीशिवाय. पर्यवेक्षकांनी पदकासाठी माझ्या नावाची शिफारस केली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि तिनं शिरा केला.

पुढच्या वर्षी ऑगस्टात जिल्हा झाला. ज्यांनी तो काळ पाहिला नाही, त्यांना त्याचं मोल कळायचं नाही. उस्मानाबादला एका कागदासाठी जायचं म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस आणि एवढं करून साहेब दौऱ्यावर. आता सगळं लातूरला. मोंढ्यात पेढे वाटले, गावोगाव फटाके वाजले. नव्या कचेरीत नव्या उमेदीची माणसं आली होती आणि त्यांनी पहिल्या झटक्यात शाळा नसलेल्या वाड्या-वस्त्यांची यादी करायला घेतली. यादी कशावरून करायची, तर ताज्या जनगणनेवरून. आमच्या वाडीपुढे आकडा होता एकतीस. यादीत ती बसेना.

मन्मथअप्पांनी तकरार केली. अर्ज लिहिला, अंगठे घेतले, लातूरला स्वतः नेऊन दिला. आश्विनात एक शिक्षण विस्तार अधिकारी पाहणीला आले. पायातले बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून ते वाडीत शिरले, तेव्हा अख्खी वाडी मारुतीच्या पारापुढे जमली होती. माणूस सरळ होता. कागद बघत होता आणि समोरची माणसं बघत होता.

कौशल्या त्या दिवशी पुढं आली. दत्तूची बायको, सुमनची आई. पंचविशीची असेल. साहेबांपुढं बाईमाणसानं बोलायचं ही रीत वाडीत नव्हती, पण ती बोलली.

"साहेब, शाळा दाराशी झाली तर सुमनला मी सासूपाशी ठिऊन जाईन. सासूला दिसत न्हाई, वड्यापल्याड तिला पोरगी सोडता येत न्हाई, म्हणून न्यावी लागती. फडात लेकराचे लई हाल हायत."

सुमन तिच्या पदराला धरून उभी होती. आठ वर्षांची झाली होती. पावसाळ्यात ओढा उतरला की मधूनमधून शाळेत यायची. बाराखडी येत होती, 'ण' मात्र उलटा काढायची.

विस्तार अधिकारी माझ्याकडे वळले. म्हणाले, "गुरुजी, गणना तुमचीच ना? डोळ्यांपुढं दोनशे माणसं दिसतात आणि कागदावर एकतीस. काही चूक झाली असेल तर दोन ओळींचा खुलासा लिहून द्या. दिवाळीनंतर ह्या देवळातच वर्ग सुरू करून देतो."

एवढं सोपं करून दिलं होतं त्यानं. आणि मला त्यातला एकच शब्द ऐकू आला. चूक. पदकाची शिफारस गेलेली होती. चूक झाली असं लिहून दिलं, तर ती गेली. बरं, खरोखर चूक झालीच नव्हती. नियमाप्रमाणे एकतीसच. सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आकडा बरोबर आहे," मी म्हणालो.

अप्पांनी मान खाली घातली. साहेबांनी कागद मिटले. मी भीतीनं तसं बोललो असतो, तर आज स्वतःला माफ केलं असतं. नोकरीची भीती कुणालाही असते. पण मला भीती नव्हती. मला माझ्या अक्षराचा, माझ्या खाडाखोड नसलेल्या कागदाचा अभिमान होता. अभिमान कसला, माज होता.

दिवाळी झाली. वाडीच्या गाड्या शाळेवरून गेल्या. सुमन भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यावर बसली होती. मी तिसरीच्या वर्गाला भागाकार शिकवत होतो, ते शिकवत राहिलो.

सव्वीस जानेवारीला लातूरला नव्या जिल्ह्याच्या झेंडावंदनात मला पदक मिळालं.

त्याच वैशाखात एका लग्नाला नांदेडला गेलो होतो. नवरी आमच्या नात्यातली, मुलाकडची मंडळी पश्चिमेकडची, साखर कारखान्याच्या परिसरातली. जेवणं झाल्यावर पान खात बसलो असताना त्यांच्यातले एक गृहस्थ भेटले. तेही शिक्षक आणि तेही आदल्या गणनेतले प्रगणक. एका धंद्याची दोन माणसं भेटली की दुसरं काय बोलणार. मी त्यांना आमच्या कुलूपबंद दारांची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, आमच्या माणसांची डोकी तुमच्या गावांत मोजली गेली. तुमची लोकसंख्या वाढली, आमच्या वाडीची शाळा गेली. मी हे थोडं कुरकुरत, थोडं विनोदानं बोललो.

त्यांनी पानाची पिंक टाकली आणि माझ्याकडे नवलानं बघितलं.

"ऊसतोडवाल्यांना आम्ही कशाला लिहू? ती काय आमच्या गावची माणसं आहेत? त्यांच्या पाचटाच्या कोप्या बघितल्या आणि पुढं गेलो. म्हटलं, त्यांच्या गावात लिहिली असतीलच."

मी त्यांना इथं लिहिलं नाही, कारण ती तिथं लिहिली जाणार होती. त्यांनी तिथं लिहिलं नाही, कारण ती मी इथं लिहिलेलीच असणार, असं त्यांनी धरलं होतं. पावणेदोनशेच्या वर माणसं देशाच्या मोजणीत कुठंच नव्हती. त्या माणसानं नियम तरी मोडला होता. मी तर नियम पाळून तेच केलं होतं. पलीकडे खरोखर कुणी मोजतंय का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पुस्तिकेत होतं म्हणजे होत असणार.

गावी परतलो तो खुलासा लिहायचाच असं ठरवून. तसाही जूनमध्ये शाळेत न येणाऱ्या मुलांची घरोघर यादी करायची असते. पहिल्याच आठवड्यात ओढा ओलांडला. वाडी परत आली होती. दारं उघडी, अंगणात चुली. मी प्रत्येक घरी जाऊन सहा ते अकरा वर्षांची मुलं लिहीत चाललो. कुणी मागचं काढलं नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दत्तूच्या घरी कौशल्या जोंधळे निवडत बसली होती. पाठीमागं म्हातारी. मी विचारलं, पोरगे किती. एक हाय, म्हणाली, सहा सरून सातवं लागलं. पोरी?

ती निवडत राहिली.

"न्हाईत."

मला वाटलं, हिनंही तेच केलं. पोरींना न मोजण्याचं. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "कौशल्याबाई, सुमन कुठाय?"

"माघात गेली, गुरुजी. गाडीतून उतरताना घसरली आन् चाकाखाली आली. तिकडंच माती दिली."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी विचारू नये ते विचारलं, की मृत्यूची नोंद कुठं केली का. सवय वाईट. कौशल्यानं मान हलवली. फडावर मुकादमानं दोन दिवसांची सुट्टी दिली होती, तिसऱ्या दिवशी कोयता हातात. माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. ज्या दिवशी माझ्या छातीवर पदक लागलं, त्या दिवशी ती जिवंत होती की गेली होती, हे मला आजवर कळलेलं नाही. तिथीचा हिशेब मी कधी लावला नाही. लावायचं धैर्य नव्हतं.

यादीत मी दत्तूच्या घरापुढं दोन नावं लिहिली. मुलाचं आणि सुमनचं. तिच्या एका नावानं आकड्यात काही फरक पडणार नव्हता. मुलं पुरेशी भरत होती. पण ते नाव लिहिल्याशिवाय हात पुढं सरकेना. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ती पहिली खोटी नोंद.

यादीबरोबर खुलासा जोडला. मागील गणनेच्या वेळी बहुसंख्य कुटुंबे ऊसतोडीस बाहेरगावी असल्याने लोकसंख्या कमी दिसत आहे, प्रत्यक्षात ती सव्वादोनशे आहे. दोन ओळी. विस्तार अधिकाऱ्यांनी एवढंच मागितलं होतं. त्या दोन ओळींवर चार महिन्यांत शाळा मंजूर झाली. मला कुणी जाब विचारला नाही, पदक परत मागितलं नाही, साधी नोटीससुद्धा आली नाही. मी ज्याला भीत नव्हतो आणि ज्याच्यासाठी अडून बसलो होतो, त्यातलं काही खरंच नव्हतं.

मी स्वतः मागून वाडीच्या शाळेवर बदली घेतली. दिवाळीनंतर मारुतीच्या देवळात वर्ग भरला. गाड्या निघायला दोन दिवस होते. त्या वर्षी अकरा घरांनी आपली लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवली. आईबाप देवळाबाहेर उभे राहून बघत होते. हजेरी मंजूर यादीवरूनच घ्यायची होती. सुमनचं नाव गाळायचं मनाशी ठरवलं होतं, पण वाचताना जीभ ऐकेना. नाव घेतलं गेलं. दारातून कौशल्याचा आवाज आला.

"हाय म्हणा, गुरुजी."

मी हजर मांडली. त्यानंतर ते नाव मोठ्यानं कधी वाचलं नाही, पण मांडत राहिलो. तपासणीला साहेब आले की ती आजारी असे. पहिली झाली, दुसरी झाली, वर्षाच्या शेवटी मी तिला पास करत गेलो. हे चूक होतं हे मला कळत होतं. त्या वेळी मला बरोबर असण्याचाच कंटाळा आला होता.

शाळा आली म्हणून वाडी टिकली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तीन वर्षांनी पुन्हा पाऊस फिरला, ओढा आश्विनातच आटला, आणि माणसं जगायला गेली ती परत येईनाशी झाली. पुण्याकडे बांधकामं निघाली होती. मुलं चार अक्षरं शिकली होती, त्यामुळे शहराची धास्ती कमी झाली होती. म्हणजे शाळेनंसुद्धा वाडी रिकामी करायलाच हात लावला. आज तिथं सात दारं उघडी आहेत आणि सातही दारांत म्हातारी माणसं. वाडीची शाळा पट नाही म्हणून बंद झाली. आता गावातल्या शाळेचीही तीच गत आहे. घरटी दोन लेकरं, त्यांतली शिकणारी लातूरला क्लासला, उरलेली पुण्याला. तरणी पोरं शेतात आहेत, त्यांना कुणी पोरगी देत नाही. म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर उचलायला चार हात मिळत नाहीत. मी लातूरला राहतो. सगळा जिल्हाच इथं येऊन राहिल्यासारखा आहे, आणि एका दुष्काळात इथं प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. आमच्या इमारतीत अजून एक कुटुंब आलं की सगळे आधी पाण्याच्या टाकीकडे बघतात.

वाडीतून कायमचं उठलेलं पहिलं घर दत्तूचं. म्हातारी त्या उन्हाळ्यात गेली आणि त्यांना मागं अडकवणारं कुणी राहिलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी कौशल्या शाळेत आली. लेकाचा शाळा सोडल्याचा दाखला पायजे म्हणाली, तिकडं शाळेत घालायचाय. मी दाखला लिहिला, शिक्का मारला, तिच्या हातात दिला. ती जाईना.

"आन् सुमनचा?"

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती आणि रडतही नव्हती.

"ती तिसरीत हाय न्हवं?"

दाखल्याचं कोरं पान मी पुढं ओढलं. नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं. इयत्ता तिसरी. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात तिच्या भावाच्या दाखल्यावर लिहिलं होतं तेच लिहिलं, पालकांचे स्थलांतर. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही. सही करून कागद तिच्यापुढं धरला, तर म्हणाली, वाचून दावा. मी पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. ती एकेका शब्दाला मान हलवत होती.

"वर्तणूक चांगली," मी वाचलं.

"व्हतीच ती तशी," कौशल्या म्हणाली.

दोन्ही दाखले तिनं पदराला पुसलेल्या हातांनी घेतले. वळता वळता थांबली आणि विचारलं, तिकडं शाळेत हा कुणी मागंल का. कुणी मागणार नाही, मी सांगितलं.

"मग हा माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.